ल्वारच्या बांधावरून

फ्रान्स देश पाहून आलेल्या माणसास घरीं परतल्यावर बहुधा पॅरिसविषयींच प्रश्न विचारले जातात. आयफेलचा मनोरा केवढा उंच, मोनालिसा खरोखरीच हसते कीं नाहीं, आणि शाकाहारी माणसाची तिकडे उपासमार होते काय, हे ते ठराविक प्रश्न होत. त्यांचीं उत्तरें देण्यास आमची ना नाहीं. परंतु गेल्या उन्हाळ्यांत आम्ही त्या देशांत जें जें पाहिलें, त्यांपैकीं मनांत घर करून राहिलेली वस्तु मनोरा नव्हे, चित्र नव्हे, राजवाडाही नव्हे. ती वस्तु म्हणजे नदीकांठचा एक मातीचा बांध होय.

ल्वार ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी. आर्देशच्या डोंगराळ मुलुखांत उगम पावून ती प्रथम उत्तरेकडे वाहते, ऑर्लेआँ शहरापाशीं पश्चिमेस वळते, आणि सुमारें एक हजार किलोमीटरांचा प्रवास करून अटलांटिक महासागरास मिळते. तिच्या मधल्या खोऱ्यांत राजांनीं व सरदारांनीं एकाहून एक सरस वाडे उभारले. २००० सालीं युनेस्कोनें या खोऱ्याच्या मोठ्या भागास जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. त्यांतील शाँबोर हा वाडा पहिला फ्रान्स्वा या राजानें १५१९ मध्यें बांधावयास घेतला. त्यांत चारशेंहून अधिक खोल्या असून मधोमध एक दुपेडी जिना आहे. चढणारा आणि उतरणारा एकमेकांस झरोक्यांतून दिसतात, पण त्यांची गांठ पडत नाहीं. त्याच सालच्या मे महिन्यांत जवळच्या आंब्वाझ गांवीं लिओनार्दो द व्हिंची यानें देह ठेवला. एवढा थोर वाडा बांधणारा राजा मात्र आपल्या साऱ्या कारकीर्दींत तेथें मोजकेच आठवडे राहिला!

बांधाची कथा याहून निराळी आहे. ल्वार ही लहरी नदी. उन्हाळ्यांत ती इतकी रोडावते कीं, पात्रांत जागोजाग वाळूचीं बेटें उघडीं पडतात व त्यांवर पक्षी अंडीं घालतात. परंतु वरच्या अंगास पाऊस लागला, म्हणजे हीच नदी शेतें आणि घरें गिळीत सुटते. १८४६, १८५६ आणि १८६६ या तीन सालच्या महापुरांच्या खुणा कांठच्या गांवांतील भिंतींवर अद्याप कोरलेल्या दिसतात. या संकटास तोंड देण्यासाठीं तेथील लोकांनीं मध्ययुगापासून कांठाकांठानें बांध घातले. बाराव्या शतकांत त्या प्रदेशाचा धनी असलेला इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री यानें असें ठरविलें कीं, जे बांधावर वस्ती करून त्याची निगा राखतील, त्यांस लढाईवर जाण्याची सक्ती नाहीं. बांध राखणें हीच मुलुखाची चाकरी, असा त्याचा अर्थ. फावडें घेऊन उभा राहणारा शेतकरी आणि तलवार घेऊन उभा राहणारा शिपाई यांस एका मापानें मोजणारा हा निर्णय आम्हांस शाँबोरच्या जिन्याहून अधिक अद्भुत वाटला.

पुढें शतकानुशतकें या नदींतून मीठ, द्राक्षासव, पाटीचे दगड वाहून नेणाऱ्या सपाट बुडाच्या नावा चालत. १८४६ सालीं आगगाडी तूर शहरापर्यंत पोंचली आणि हळूहळू नावांचा धंदा बसला. गजबजलेले धक्के ओस पडले. आज त्याच कांठानें नव्हेरजवळून थेट समुद्रापर्यंत सुमारें नऊशें किलोमीटरांचा सायकलमार्ग जातो. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत अनेक देशांतून जो मोठा सायकलमार्ग आंखलेला आहे, त्याचाच हा एक भाग. हा सारा मार्ग मोटारींना बंद आहे, असें मात्र कोणी समजूं नये. कांहीं तुकडे केवळ पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठीं राखलेले आहेत. कांहीं ठिकाणीं तो खेड्यांतल्या आडरस्त्यांनीं जातो, जेथें तासांतून एखाददुसरी मोटार दिसते, आणि तीही मागें थांबून वाट पाहते.

ब्ल्वा ते सोम्यूर हें अंतर आम्ही आठ दिवसांत कांटलें. आमचे चिरंजीव तिकडे नोकरीस असल्यामुळें हा योग आला. मंडळींत आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई आणि नऊ वर्षांचा नातू असे पांच जण होतों. त्यांत खरा प्रश्न होता तो आमच्या सौभाग्यवतींचा. त्या पुण्याच्या. विद्यार्थिदशेंत त्या रोज सायकलवरून कॉलेजांत जात. पुढें पंचवीस वर्षांपूर्वीं भर रस्त्यांत एका मोटारीनें मागून धक्का दिला. हाताचें हाड दोन महिन्यांत जुळलें, पण मागून कांहीं तरी येत आहे ही धास्ती गेली नाहीं. त्यानंतर त्यांनीं सायकलला हात लावला नव्हता.

ब्ल्वा येथें भाड्याच्या सायकली घेतल्या, तेव्हां त्या हँडल धरून बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. “अहो, तुम्ही या सायकलीवरून. मी आगगाडीनें पुढें जाऊन वाट पाहतें,” असें त्या म्हणाल्या. आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच नातू म्हणाला, “आजी, इथें मागून मोटार येतच नाहीं. पाहिजे तर मी तुझ्या मागें राहतों.” नातवापुढें आजीचें काय चालणार? त्यांनीं टांग मारली. पहिल्या फर्लांगभरांत त्यांनीं चार वेळां मान वळवून मागें पाहिलें. दर खेपेस मागें फक्त नातू होता. मग पाहणें कमी झालें. दुपारीं पोप्लर वृक्षांच्या सावलींत आम्ही धापा टाकीत पोंचलों, तेव्हां त्या तेथें आधींच बसून पाव आणि शेळीच्या दुधाचें चीज सोडून ठेवीत होत्या.

पुढचे दिवस असेच गेले. व्हिलांद्री येथील बाग त्यांनीं दोन तास फिरून पाहिली. १९०६ सालीं तो वाडा विकत घेणाऱ्या होआकिम कार्व्हालो या स्पॅनिश गृहस्थानें ती नव्यानें उभी केली. तेथें कोबी, बीट, मिरच्या यांचेच वाफे रांगोळीसारखे मांडलेले आहेत. वाटेंत टोपलींत पाव ठेवून सायकलवर घरीं चाललेल्या वृद्ध स्त्रिया भेटत. लहान गाडींत मूल बसवून ती सायकलमागें ओढणारे बाप भेटत. सगळे “बोंझूर” म्हणून पुढें जात. कोणासही घाई नव्हती.

एके दिवशीं मात्र चमत्कार झाला. पलीकडच्या तीरावर लांझे येथें एक जुना किल्ला आहे. आठवा चार्ल्स आणि ब्रिटनीची राजकन्या ॲन यांचा विवाह १४९१ सालीं तेथें झाला. तो पाहण्यासाठीं आम्ही पूल ओलांडला. त्या उत्तर तीरावरून सोम्यूरकडे जाणारा मोटारींचा मोठा रस्ताही नदीकांठच्या बांधावरूनच जातो. दोन अवजड ट्रक घोंघावत गेले मात्र, सौभाग्यवती तत्काळ उतरल्या आणि हँडल घट्ट धरून पायींच चालूं लागल्या. गेल्या पांच दिवसांतील सारें धैर्य पांच मिनिटांत ओसरलें. संध्याकाळीं पुन्हां अलीकडच्या तीरावर आल्यावर त्या आपण होऊन सायकलवर बसल्या.

त्या रात्रीं आम्ही बराच वेळ याचाच विचार करीत होतों. नदी तीच, माती तीच, दोन्ही बांधांचा हेतुही तोच. पण एका तीरावर आमच्या कुटुंबांतील सर्वांत भित्रें माणूस सर्वांच्या पुढें चालत होतें, आणि दुसऱ्या तीरावर तेंच माणूस जीव मुठींत धरून उभें होतें. तेव्हां भित्रेपणा हा त्यांच्या स्वभावाचा दोष म्हणावा कीं रस्त्याचा? एका तीरावर लोकांनीं ‘येथून मोटारी जातील’ असें ठरविलें, दुसऱ्या तीरावर ‘येथून माणसें जातील’ असें ठरविलें. भेद एवढाच. बाराव्या शतकांत पाण्यापासून घरें वांचविण्याचा निश्चय करावा लागला, आतां वाहनांपासून कांहीं वाटा वांचविण्याचा करावा लागतो. दोन्ही निश्चय माणसांचेच. ते आकाशांतून पडत नाहींत.

पुण्यास एके काळीं सायकलींचें शहर म्हणत. तेव्हांच्या मुली आज आज्या झाल्या आहेत, आणि त्यांच्या नाती क्लासला जावयाच्या तर घरांतील कोणी तरी मोटार काढतो. त्या मोटारीमुळें रस्ता आणखी भयंकर होतो, म्हणून शेजारचाही आपल्या मुलीस मोटारींतूनच सोडतो. या चक्रांत कोणा एकाचा अपराध नाहीं. प्रत्येक जण आपल्या लेकरास जपतो आहे. सोम्यूरला सायकली परत करतांना सौभाग्यवती म्हणाल्या, “मागें वळून पाहावें लागत नाहीं, एवढेंच सुख होतें हो.” तें सुख पैशानें विकत मिळत नाहीं, आणि एकट्या घरानें ठरवून मिळत नाहीं.

आपल्या गांवांत नवा रस्ता होतो, तेव्हां त्यावरून ताशीं किती वाहनें जातील याचा हिशेब होतो. वाचकांनीं आणखी एक हिशेब घरच्या घरीं करून पाहावा. आपल्या कुटुंबांतील किती माणसें त्या रस्त्यानें एकटीं जाऊं शकतील? आजी, सून, शाळेंत जाणारी नात, नुकताच सायकल शिकलेला नातू, असें एकेक नांव घेत जावें. ज्या नांवापाशीं मन अडखळेल, त्या माणसाचा रस्ता अद्याप बांधावयाचा राहिला आहे असें समजावें.