पात्र-अपात्र

चाळीवर बोलायला मला आजवर अनेकांनी बोलावले आहे. वाचनालयांच्या व्याख्यानमालांत बोलले, परिसंवादांत बोलले. महाविद्यालयीन चर्चासत्रांची तर गणतीच नाही. चाळी पाडणाऱ्यांनी बोलावण्याची वेळ मात्र प्रथमच आली, आणि बोलावणारा माझाच विद्यार्थी निघाला. दहाबारा वर्षांपूर्वी आमच्या विभागातून मराठी घेऊन बी.ए. झालेला हा मुलगा आता एका विकासकाकडे नोकरी करतो. भाडेकरूंच्या घरी जायचे, चहा घ्यायचा, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायचे आणि संमतिपत्रे मिळवायची, हे त्याचे काम. "मॅडम, तुम्ही शिकवलेलं मराठी आता खरं उपयोगी पडतंय," असे तो फोनवर मनापासून म्हणाला. यावर आनंद मानावा की कसे, ते मला सुचले नाही.

बांधकाम व्यवसायातल्या पस्तिशीच्या आतल्या मंडळींनी एक गट केला आहे. महिन्यातून एकदा कोणाला तरी व्याख्यानाला बोलवायचे आणि नंतर शहराचा तो भाग पायी फिरून पाहायचा, असा त्यांचा परिपाठ. नगररचनाकार येऊन गेले होते, वकील येऊन गेले होते. डिसेंबरातल्या एका रविवारी गिरणगाव ठरले आणि साहित्यातून दिसणारे गिरणगाव हा विषय माझ्या वाट्याला आला. मी होकार दिला त्यात कुतूहल होते, तसा थोडा खोडसाळपणाही होता. या मुलांना चार गोष्टी सुनवाव्यात असे मनात होते, हे कबूल करते.

व्याख्यान लोअर परळला, काचेच्या एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर. त्या जमिनीवर पूर्वी गिरणी होती. खिडकीतून तिची चिमणी दिसत होती; शोभेपुरती राखलेली, रंग दिलेली. मी संपापासून सुरुवात केली. १८ जानेवारी १९८२ ही तारीख, दत्ता सामंत, सुमारे अडीच लाख कामगार. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचा जन्म त्यानंतरचा. जमिनीच्या प्रश्नाकडे वळले तेव्हा मात्र चित्र पालटले. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते, एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला, असे मी म्हणताच मागच्या रांगेतून "नियम ५८" असे उत्तर आले. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली, हे तर त्यांनीच मला पुरे करून सांगितले. संप त्यांना ठाऊक नव्हता, नियम तोंडपाठ होता. माझे उलटे होते. मला संप पुस्तकांतून पाठ होता आणि नियमाचा क्रमांक आदल्या रात्री पाहून आले होते.

पुढे मामा वरेरकरांच्या १९३३ सालच्या 'धावता धोटा'पासून नारायण सुर्वे यांच्या कवितेवरून जयंत पवारांच्या 'अधांतर'पर्यंत आले. तासभर बोलले. मुले नीट ऐकत होती. आमच्या वर्गापेक्षा नीट, म्हणायला हरकत नाही. प्रश्नोत्तरांत एका मुलीने विचारले, "एका खोलीत माणसं किती राहायची? नक्की आकडा?" ती इमारतींचे सर्वेक्षण करते. मी पाळ्यांचे गणित सांगितले: कोकणातून, घाटावरून एकटे आलेले दहा-पंधरा पुरुष एका खोलीत असत; एक पाळी गिरणीत जाई तेव्हा दुसरी त्याच वळकट्यांवर निजे. "पण पावती एकाच्याच नावावर ना?" तिने वहीत काहीतरी टिपले. हा प्रश्न मला फारसा वाङ्मयीन वाटला नाही. मी पुढे गेले.

मग आम्ही चालायला निघालो. ना. म. जोशी मार्गावर, जुन्या माणसांच्या तोंडच्या डिलाईल रोडवर, बीडीडी चाळींपाशी थांबलो. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे सरकारी खाते १९२० साली निघाले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून त्याने २०७ चाळी उभ्या केल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, शौचालये मजल्यावर सामाईक. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, हे मुलांना माझ्यापेक्षा अधिक तपशिलाने माहीत होते. मी माझ्या ठेवणीतल्या गोष्टी काढल्या. उघडी दारे, शेजारधर्म, गणपती, भजनी मंडळे, एकाच्या घरचे मयत म्हणजे सगळ्या मजल्याचे सुतक. बोलता बोलता मला रंग चढला होता. तेवढ्यात त्याच मुलीने अगदी साधेपणाने विचारले, "रात्री बायका कशा जायच्या?"

माझी आई आणि आत्या पहाटे चारला जोडीने जात. एकीच्या हातात डबडे, दुसरी दाराबाहेर उभी. दाराला आतून कडी नव्हती. हे मी विसरले होते असे नाही, पण इतक्या वर्षांत कोणत्याही व्याख्यानात सांगितले नव्हते. चाळीवरच्या आपल्या लेखनातही हा पहाटेचा रस्ता फारसा येत नाही. गॅलरी येते, जिना येतो, नळावरची भांडणे येतात. लिहिणारे बहुतेक पुरुष होते, हे कारण पुरेसे आहे का? लिहिणारी असते तर मी तरी काय लिहिले असते, कोण जाणे.

करी रोडचा पूल ओलांडून आम्ही लालबागेत शिरलो. मसाल्यांच्या दुकानांपाशी सगळे शिंकू लागले. तिथून आमची चाळ पाचेक मिनिटांवर. ती दाखवायचे मीच सुचवले होते. खासगी मालकीची, उपकरप्राप्त, मागच्या बाजूने लोखंडी टेकू दिलेली. आमची खोली दहा बाय बाराची. वडील कुडाळकडून आले आणि साचेखात्यात लागले. १९७४ साली आत्या आली. नवऱ्याने टाकली, हे शब्द घरात कधी कोणी उच्चारले नाहीत. 'आत्या आली' एवढेच सांगत. तिने त्याच खोलीत खानावळ सुरू केली. चौदा मेंबर, दोन पंगती, पहिल्या पाळीची वेगळी आणि दुसऱ्या पाळीची वेगळी. सोमवारी शाकाहारी, एरवी बांगडा नाहीतर सुके. मला संप आठवत नाही, मी तेव्हा तीन वर्षांची होते. संपानंतरचे घर आठवते. मेंबर गावी निघून गेले, अनेकांच्या खात्यांवर बाकी तशीच राहिली आणि वडील भिंतीला टेकून बसू लागले. तेव्हा आत्या फोर्टातल्या कचेऱ्यांना डबे पाठवू लागली. माझी एम.ए.पर्यंतची फी त्या डब्यांतून गेली.

हे सर्व मी मुलांना चाळीच्या चौकात उभी राहून सांगितले. प्रेमा पुरव यांच्याविषयीही सांगितले. त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते अशाच खानावळवाल्या बायकांसाठी. रोज पंधरा-वीस माणसांना जेवू घालायचे आणि बँकेत तारण दाखवायला नावावर मात्र काही नाही, ही त्यांची अडचण होती. मुलांनी माना डोलावल्या. कोणीतरी फोनवर माझे बोलणे टिपूनही घेतले.

जिन्याखाली मालकाच्या कार्यालयाने भाडेकरूंची यादी लावली होती. चुका असल्यास शुक्रवारपर्यंत लेखी कळवावे, असे खाली लिहिलेले. रकाने चार: खोली क्रमांक, भाडेकरूचे नाव, क्षेत्रफळ, पात्र/अपात्र. माझ्या विद्यार्थ्याने नियम समजावून सांगितला. उपकरप्राप्त इमारतीत १३ जून १९९६ रोजी जो भाडेकरू होता त्याचा हक्क धरतात, आणि खोली कितीही लहान असली तरी नवे घर किमान ३०० चौरस फुटांचे. मला विनोद सुचला. आमच्या विषयात पात्र म्हणजे कथेतला माणूस, म्हटले. तुमच्या यादीत कथेतली किती माणसे अपात्र ठरतात ते पाहा. सगळे हसले. मीही हसले.

ती सर्वेक्षणवाली मुलगी यादी वाचत होती. "हे तुमचे भाऊ का? पण आत्यांचं नाव नाही यात."

"पावती भावाच्या नावावर आहे. त्याआधी वडिलांच्या होती."

"आत्या अजून इथेच राहतात?"

"हो. बावन्न वर्षं होतील आता."

तिच्या शेजारी एक बारीकसा, चष्मेवाला मुलगा उभा होता. त्याने कायद्याचा अभ्यास केला होता. त्याने विचारले, "वडील गेले तेव्हा खोलीत कोण कोण राहत होतं, मॅडम?" मी सांगितले: भाऊ, वहिनी, आत्या. आई आधीच गेली होती आणि मी लग्न होऊन डोंबिवलीला. तो क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, "१९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात आधी बघतात ते भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणारं कुटुंबातलं माणूस. तसं कोणी नसेल तर मग बाकीचे वारस. एकमत झालं नाही तर कोर्ट ठरवतं. बहीण कुटुंबातच येते, असं मांडता येईल. म्हणजे तुमच्या सहीपेक्षा त्यांची सही आधी लागायला हवी होती. ती घेतली होती का?"

घेतली नव्हती. २००९ साली वडील गेले आणि पावती बदलायची वेळ आली, तेव्हा भावाने शंभर रुपयांच्या मुद्रांकावर टंकलेले प्रतिज्ञापत्र माझ्याकडे आणून दिले. बहिणीची ना-हरकत. तसे करतातच सगळ्या बहिणी, मला त्यात काही वाटले नाही. मसुदा कोर्टाबाहेरच्या टंकलेखकाचा होता, अशुद्ध होता. मी लाल पेन घेऊन बसले. 'मयत भाडेकरु'मधला रु दीर्घ केला, 'हयात नाहित'मधला हि दीर्घ केला. त्यात एक वाक्य होते: सदर खोलीत मयत भाडेकरूसोबत राहणारी, अर्जदाराखेरीज अन्य कोणीही हक्कदार व्यक्ती नाही. त्या वाक्यात मी एक स्वल्पविराम घातला आणि सही केली. आत्या त्या वेळी आमच्यापासून चार हातांवर, स्टोव्हपाशी, माझ्यासाठी भाकरी थापत होती. त्याच्या दोनच वर्षे आधी एका चर्चासत्रात मी नोंदीबाहेर राहिलेल्या कष्टकरी स्त्रियांवर निबंध वाचला होता आणि तो बरा वठला होता, असे लोक म्हणाले होते.

फेरी पुढे काळाचौकीकडे गेली. मी पाय दुखत असल्याचे सांगून मागे राहिले.

भाऊ वाईट नाही, हे सांगायला हवे. दोन मुले, बेभरवशाची नोकरी. नवी जागा मिळाली की विकून बदलापूरला मोठे घर घेऊ, उरलेल्या पैशांत मुलीचे शिक्षण होईल, असा त्याचा हिशेब आहे आणि तो चुकीचा नाही. आत्या कुठे जाणार, आमच्याबरोबरच येणार, असे तो म्हणतो. ते खरेही असेल. पण नावावर काही नसलेले माणूस 'बरोबर' येते ते कोणाच्या तरी मर्जीने येते. आत्याने बावन्न वर्षे तशीच काढली, तीही ज्या खोलीचे भाडे कित्येक वर्षे तिने स्वतः भरले त्या खोलीत. पावतीवर तिचे नाव चढले तर विकताना तिचीही सही लागेल. भावाला हे मी फोनवर सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हे तुला आता सुचलं?"

गुरुवारी संध्याकाळी मी कोरा अर्ज घेऊन गेले. अर्जाची भाषा त्या चष्मेवाल्या मुलाने मला फोनवर सांगितली होती. त्याने पैसे घेतले नाहीत. मी विचारले तेव्हा ओशाळला. भाऊ घरी नव्हता. वहिनीने चहा ठेवला आणि ती मुलांना घेऊन बाहेर गॅलरीत गेली. आत्या खाटेवर बसून मेथी निवडत होती. मी सगळे समजावून सांगितले. २००९चे प्रतिज्ञापत्र, त्यातले वाक्य, माझी सही, सगळे. ती मान वर न करता ऐकत होती. "आता माझा नाव घालून काय करतलंस?" एवढेच म्हणाली. मी पुन्हा समजावू लागले तेव्हा तिने हातानेच थांबवले आणि अर्ज मागितला. तिला अक्षर लागते. खानावळीची खाती तीच लिहीत असे.

तिने पहिली ओळ वाचली. अर्जदाराचे संपूर्ण नाव. शिधापत्रिकेवर तिच्या नावापुढे अजून नवऱ्याचे नाव आहे, आधार कार्डावरही तेच चढले आहे. कागद जुळायला हवेत, असे त्या मुलाने मला दोनदा बजावले होते.

"घालतलंस तर बापाशीचा नाव घाल," आत्या म्हणाली. "तेचा नको."

मी पेन उघडून बसले होते. बाहेर वहिनी मुलांना खाली जाऊ नका म्हणून ओरडत होती. शुक्रवार उजाडायला काही तास उरले होते आणि आत्याने मेथीची दुसरी जुडी सोडली.