रिकामें ताट

चित्रपटांत संकट दाखवावयाचें म्हणजे खंजीर चमकला पाहिजे, वीज कडाडली पाहिजे, निदान खलपुरुषानें विकट हास्य तरी केलें पाहिजे, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. फ्रिट्झ लांग यांच्या ‘एम’ या १९३१ सालच्या जर्मन बोलपटानें ती पार पुसून टाकली.

बालहत्या करणारा एक नराधम शहरांत मोकाट असतो. शाळेंतून घरीं निघालेली चिमुकली एल्सी जाहिरातींच्या खांबावर चेंडू आपटीत थांबते. खांबावर त्याच खुन्यासाठीं जाहीर झालेल्या इनामाचें पत्रक असतें. आणि त्या पत्रकावर एका टोपीवाल्याची सावली पडते. सावली चेंडूचें कौतुक करते! इकडे आई ताट मांडून वाट पाहते, हांका मारते. पडद्यावर ओळीनें दिसतात निर्जन जिना, ओसाड माळा, रिकामें ताट. मग झुडुपांतून घरंगळत येणारा चेंडू, आणि त्या परक्या माणसानें घेऊन दिलेला, तारांत अडकून हेलकावणारा फुगा. बस्स. रक्ताचा थेंबहि नाहीं.

चेंडू आणि फुगा या हातांत धरावयाच्या वस्तू. त्या मोकळ्या दिसल्या कीं हात कुठें गेला, हें सांगावें लागत नाहीं. खंजिराला भिणें सोपें, कारण तो दुसऱ्याच्या घरांतला असतो. ताट मात्र आपल्याच स्वयंपाकघरांतलें असतें.

परवां आमच्या धाकटीला घरीं यावयाला उशीर झाला. तिचें मांडलेलें ताट माझ्यानें पाहवेना. मीं तें उचलून फडताळांत ठेवून दिलें. थोड्या वेळानें ती धांवत आली आणि फुरंगटून म्हणाली, “बाबा, माझंच ताट कुठं आहे?”

मीं मुकाट्यानें तें आणून मांडलें.