रद्दीवाला घेत नाही तो कागद

एप्रिलमध्ये मुलीची परीक्षा संपली की आमच्या घरात कागदाचा ढीग साठतो. वर्तमानपत्रं आणि भरलेल्या वह्या रद्दीवाला नेतो. त्या त्यालाच द्याव्यात असं माझं ठाम मत आहे, कारण त्याच्या काट्यावरून तो कागद गिरणीपर्यंत पोचतो आणि त्याचा पुन्हा कागद किंवा पुठ्ठा होतो. पण चिठ्ठ्या, पाकिटं, वह्यांचे फाटके कोपरे, चित्रं कापून उरलेली कात्रणं यांना तो हात लावत नाही. हा चुरा ओल्या कचऱ्यात मिसळतो आणि वाया जातो. गेली तीन वर्षं मी त्याचाच घरी कागद करते.

पहिला घाणा फसला. कात्रीनं बारीक कापलेला कागद तासभर भिजवला आणि मिक्सरमध्ये पार पीठ होईपर्यंत फिरवला. वाळलेलं पान उचलायला गेले, तर हातात तुकडे आले. कारण नंतर कळलं. कागद म्हणजे वनस्पतीच्या तंतूंचं जाळं. पाणी उडून जाताना हे तंतूच एकमेकांना धरतात, डिंक लागत नाही. तंतू लांब असले की पकड घट्ट, आणि मी तर ते दोनदा तोडले होते. तसेही ते दर वेळी आखूड होत जातात. पाच-सात वेळा कागद झाला की त्यांच्यात दम उरत नाही.

आता मी कागद हातानंच फाडते, रात्रभर भिजत घालते आणि सकाळी मूठभर कागदाला भरपूर पाणी घेऊन मिक्सर थांबत थांबत फिरवते. दुकानातल्या बिलांचा गुळगुळीत कागद आणि चकचकीत लग्नपत्रिका आधीच बाजूला काढते, त्यांचा धड लगदा होत नाही. टबात लगदा पातळ ताकासारखा हवा. फोटोच्या जुन्या चौकटीवर खिडकीची डासांची जाळी ताणून बसवली आहे. ती चौकट टबात उभी बुडवायची, पाण्याखाली आडवी करायची आणि सावकाश वर उचलायची. पाणी निथळत असताना एकदा डावी-उजवीकडे, एकदा पुढे-मागे हलवायची. क्षणभरापूर्वी जे नुसतं गढूळ पाणी होतं, त्याचं जाळीवर पान झालेलं असतं. तिथं मी दर वेळी थबकते.

मग सुती साडीच्या तुकड्यावर चौकट उपडी करायची, जाळीवरून स्पंजनं पाणी टिपायचं आणि एका कडेनं चौकट सोडवायची. वर दुसरं फडकं, त्यावर पोळपाट, पोळपाटावर पाण्यानं भरलेली कळशी. तासाभरानं फडक्यासकट सावलीत वाळत टाकायचं. उरलेलं पाणी मोरीत ओतू नका. पहिल्या उन्हाळ्यात मी ओतलं आणि पाइप तुंबला. ते गाळून पुढच्या घाण्याला वापरावं. गाळलेला गोळा वाळवून ठेवला तरी चालतो, तो पुन्हा भिजतो.

अशा पानावर शाई फुटते. म्हणून साडीला करतो तशी पातळ खळ ब्रशनं फिरवायची आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडानं पान घोटायचं. ही युक्ती माझी नाही, जुन्या कागद्यांची आहे. जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचं तर नावच या धंद्यावरून पडलं. पुण्यात १९४० साली निघालेली हातकागद संस्था आहे. तिथला कागद सुती चिंध्यांचा. त्याची वही हातात घेतली की लांब तंतू म्हणजे काय ते बोटांना कळतं.

मागच्या वर्षी आई राहायला आली होती. टब, फडकी, वाळत घातलेली पानं बघून म्हणाली, "अगं, तुझी आजी दुसरं काय करायची? फक्त मेथी घालायची त्यात."

आणि मला ती टोपली आठवली. कराडजवळच्या आमच्या घरात माजघरातल्या फळीवर असायची, लसूण ठेवायला. आजी आमच्या जुन्या वह्यांची पानं दोन-तीन दिवस भिजवायची. मेथी वेगळी भिजवून दोन्ही उखळात कुटायची. भिजलेली मेथी बुळबुळीत होते, तोच तिचा डिंक. कडूपणामुळे कीड लागत नाही, असं ती सांगायची. तो गोळा उपड्या घमेल्यावर ओल्या हातानं सारख्या जाडीचा थापायचा आणि उन्हात ठेवायचा. चार-पाच दिवसांनी अख्खी टोपली सुटून यायची. हलकी, पण दणकट. आतल्या बाजूला कधीकधी आमचंच एखादं निळं अक्षर अर्धवट दिसायचं.

आईला घेऊन मी तशी टोपली करायला बसले. मेथी किती घालायची, यावर दोघी अडलो. आई म्हणाली मूठभर. पण किती कागदाला, ते तिलाही आठवेना. पहिली टोपली वाळताना तडकली. दुसरीत मेथी दुप्पट घातली, ती टिकली. तिच्यात आता आमचा लसूण असतो.

तुमच्या घरात किंवा गावी अशी टोपली केलेली आजी असेल, तर तिला मेथीचं प्रमाण विचारून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. शक्य झालं तर या उन्हाळ्यात तिच्या शेजारी बसून एक टोपली थापा.