‘म्हातारपण’ म्हणून सोडून देऊ नका

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि रोजच्या वाटेवरून घर न सापडणे वेगळे. पनवेलमध्ये आम्ही हे आबांच्या बाबतीत पाहतो आहोत. त्यांनी तळोज्याच्या एका कारखान्यात यंत्रांच्या गोंगाटात आयुष्य काढले. कान गेले, बोलणे तुटले, विहारात जाणे थांबले. त्यात रक्तदाब, साखर आणि बिडी.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली अशी १४ कारणे सांगितली. ती सारी आवरली, तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील, असा तिचा अंदाज आहे. त्यातले एक कारण काळजाला लागते : लहानपणी शिक्षण न मिळणे. गरिबीने आणि जातीने आबांची शाळा हिरावली. ते आता भरून निघणार नाही. म्हणून नातवंडांची, विशेषतः मुलींची, शाळा सुटता कामा नये.

बाकी पुष्कळ आपल्या हाती आहे. आबांना आम्ही श्रवणयंत्र घेतले. विसरणे थांबले नाही, पण ते पुन्हा माणसांत बसू लागले. बंधू-भगिनींनो, वडीलधाऱ्यांचे कान, डोळे, रक्तदाब, साखर सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. बिडी-दारू सोडवा. आणि रोज त्यांच्याशी चार शब्द बोला. एकटेपणा हेही त्या १४ पैकी एक कारण आहे.