कोणत्या दिवसाची विक्रांत?

१९७१च्या डिसेंबरात मुंबईत ब्लॅकआउट होता. गिरगावातल्या आमच्या चाळीत खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवला होता. कुठे तिरीप दिसली की खालून ‘दिवा बंद करा’ अशी आरोळी यायची. युद्ध संपलं, कागद उतरले. त्यातले बरे तुकडे मी आईकडे मागितले, पुठ्ठ्याला खळीने चिकटवले आणि विमानवाहू विक्रांत तयार केली. समोर वर्तमानपत्रातला एक धूसर फोटो होता. त्यात जे दिसत नव्हतं ते मी मनाने भरलं.

पुढे बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने एअरफिक्स कंपनीचा, जोडून करायच्या सी हॉक विमानाचा खोका आणला. त्या छोट्या विमानाने मला या कामाची रीत शिकवली. भाग आधी कोरडे जुळवून बघायचे, सांधा ब्लेडने खरवडायचा, काचपेपर पाण्यात बुडवून फिरवायचा, मगच रंग. सांगाड्याची उरलेली प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर धरून ओढली की केसासारखा धागा निघतो. जहाजाच्या डोलकाठीवरच्या तारांसाठी याहून चांगलं काही मिळत नाही. खोक्यातली चिन्हं ब्रिटिश नौदलाची होती. ती बाजूला ठेवून बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं अशी वर्तुळं मी हाताने रंगवली.

विक्रांतचा तयार किट मला कधी मिळाला नाही, आणि ते बरंच झालं असं आता वाटतं. किट असता तर निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेतले असते. विक्रांतची लांबी ७०० फूट. १:३५० या प्रमाणात बरोबर दोन फूट. या मापात माणूस जेमतेम पाच मिलिमीटरचा आणि सी हॉक साडेतीन सेंटिमीटरचा. हा हिशेब एका संध्याकाळी होतो. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो: कोणत्या दिवसाची विक्रांत करायची?

कारण जहाज कधीच एक नसतं. १९४५ साली ब्रिटनमध्ये ती पाण्यात उतरली तेव्हा तिचं नाव हर्क्युलिस होतं आणि ती अपुरीच पडून राहिली. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टमध्ये ती आपल्या नौदलात आली, तेव्हा तिच्यावर तिरका डेक होता आणि विमानं फेकणारा वाफेचा कॅटापुल्ट होता. शेवटच्या वर्षांत कॅटापुल्ट गेला आणि नाळेवर सी हॅरियरसाठी ९.७५ अंशांचा चढ आला. १९७१च्या डेकवर तो चढ दाखवला, तर कितीही बारकाईने रंगवलेली नौका खोटी ठरते. म्हणून मॉडेल करणारे आम्ही लोक फोटोच्या मागची तारीख आधी शोधतो. तारीख नसलेला सुंदर फोटो मला फारसा उपयोगाचा वाटत नाही.

मी ४ डिसेंबर १९७१ निवडला. त्या दिवशी तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चित्तगाववर हल्ले केले. डेकवर पंख मिटलेली सी हॉक आणि थोराड अंगाची फ्रेंच अलिझे मांडायची होती. अलिझे हे पंख्याचं विमान, पाणबुड्या शोधणारं. त्याच्या पोटाखालचा रडारचा घुमट कामाच्या वेळी खाली उतरतो. डेकवर उभ्या विमानाचा घुमट आतच ठेवायचा. अशा गोष्टी बघणाऱ्याला बहुधा दिसत नाहीत. पण त्या विमानाखाली रांगत काम केलेल्या माणसाला त्या पहिल्यांदा दिसतात, आणि मी त्याच्यासाठीच काम करतो.

आमच्या ओळखीत एक काका होते, नौदलात इंजिनरूममध्ये नोकरी केलेले. नौकेभोवतीचं पाणी करण्याआधी मी त्यांना घरी बोलावलं. त्यांनी डेककडे फार पाहिलं नाही. नाळेशी बोट नेऊन म्हणाले, “इथे फार फेस काढू नकोस हो. एक बॉयलर बंद होता तिचा.”

युद्धाच्या वेळी विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला होता, हे मी वाचलं होतं. वेग घटला की डेकवरून वाहणारा वारा कमी पडतो आणि जड विमान उडवणं अवघड होतं. त्या अवस्थेत तिने ते युद्ध केलं. पण त्या तड्याचा संबंध माझ्या टेबलावरच्या पाण्याशी आहे, हे काकांमुळे कळलं. चित्रांत युद्धनौका नेहमी लाट फोडत धावतात. मी लाट बुटकी ठेवली आणि मागचा पांढरा पट्टा अरुंद केला. माझ्या मते त्या मॉडेलमधला सर्वांत खरा भाग तोच.

३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली, मग मुंबईतच काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ साली दारूखान्यात तोडायला गेली. त्या निर्णयाचं दुःख मला अजून आहे. एवढं जहाज आपल्याला सांभाळता आलं नाही.

सध्या टेबलावर पुन्हा विक्रांतच आहे, पण या वेळी संग्रहालयाच्या वर्षांतली. ती सहसा कुणी करत नाही. सगळ्यांना युद्धाची हवी असते. मुंबईतल्या शाळकरी मुलांनी जिच्यावर पाय ठेवला ती मात्र हीच: नाळेवर चढ, नांगराच्या भोकाखाली तांबूस ओघळ, शिडीवर रांग. ओघळ जमले आहेत. आता पाच मिलिमीटरहूनही बुटक्या मुलांच्या पाठीवर दप्तरं चढवतो आहे.