चार पदार्थ, एक तक्ता

24 जुलै 2025, रिसाली (छत्तीसगड)
हरेली. गावाकडची मुलं नांगर-कुदळी पुजायला गेली, कॉलेजला सुट्टी. घरी प्लिकर्सची कार्डं छापली, पुठ्ठ्यावर चिकटवली. चौकोनी कार्ड, कुठली बाजू वर धरली त्यावरून उत्तर ए, बी, सी की डी ते कळतं. फोन लागतो तो फक्त माझा. तेच हवंय. दुपारपर्यंत अर्ध्या वर्गाचा डेटा संपलेला असतो.

28 जुलै
लोखंडी पट्टी आणि लाकडी पट्टी रात्रभर एकाच खोलीत. तापमान कुणाचं कमी? बहुतेक कार्डं लोखंडाकडे. उत्तर सांगितलं नाही. शेजाऱ्याला पटवा म्हटलं. एकच गलका. मागच्या बाकावरची उतईची मुलगी, हजेरीपलीकडे जिचा आवाज कधी ऐकला नव्हता, शेजारणीला ठासून सांगत होती, "दूनो के ताप बरोबर हे, हाथ ला ठंडा लागथे." पुन्हा कार्डं वर केली. बरीच फिरली होती.
उभं राहून हिंदीत उत्तर द्यायला सांगितलं असतं, तर ती बोलली नसती.

29 जुलै
हार्वर्डचे एरिक मझूर 1991 पासून हेच करत आले. आधी मत, मग चर्चा, मग पुन्हा मत. 2009 चा 'सायन्स'मधला लेख काढून वाचला, कोलोरॅडोतल्या जनुकशास्त्राच्या वर्गावरचा. ज्या गटांत आधी कुणालाच उत्तर येत नव्हतं, तेही चर्चेनंतर सुधारले. म्हणजे हुशार मुलाचं ऐकून बाकीचे मान डोलावतात, एवढंच नाही.

2 ऑगस्ट
बाबांना वर्गातलं सांगत होते. "अगं, भट्टीसमोर नवा माणूस कधी एकटा उभा करतात का?" एवढंच बोलून पेपर उघडला. सारी नोकरी प्लांटात गेली त्यांची.

11 ऑगस्ट
गटाचा अहवाल गुगल डॉक्सवर. नावं चौघांची. बदलांचा इतिहास उघडला: सगळा मजकूर एकाचाच, रात्री दीडला टाइप केलेला. बाकीच्यांना विचारलं तर खाली माना. ओरडून काय होणार? काम एकट्याने उरकण्यासारखंच होतं.

12 ऑगस्ट
झोप नाही. एलियट अॅरन्सन यांची जिगसॉ पद्धत, ऑस्टिनच्या शाळांतली, 1971. प्रत्येकाकडे एक तुकडा, आणि इतरांच्या तुकड्यावाचून कुणाचंच भागत नाही.

18 ऑगस्ट
उष्णतावाहकता मोजायचा लीज डिस्कचा प्रयोग वाटून दिला. काच, पुठ्ठा, एबोनाइट, रबर. चौघांना चार पदार्थ, तक्ता एकच, सामाईक. निष्कर्ष चारही आकडे आल्याशिवाय लिहिता येत नाही.

20 ऑगस्ट
तक्त्यातली एक ओळ कोरी. रबरवाला आलाच नाही. बाकीच्या तिघांनीच फोन करून बोलावलं त्याला.

25 ऑगस्ट
तिजासाठी बऱ्याच मुली आईबरोबर मामाच्या गावी. रात्री तक्ता उघडला. पुठ्ठ्याची उष्णतावाहकता काचेच्या शंभरपट! काही लिहिणार तोच कडेला टिप्पणी उमटली, उतईवालीची: "मोटाई मिलीमीटर में डाल दी क्या? मीटर में करो." मिनिटभरात आकडा बदलला. खाली पुठ्ठेवाल्याने लिहिलं, "हाँ यार."
मी काहीच लिहिलं नाही.

27 ऑगस्ट
गणपती बसले. तळणीचे मोदक. कॉलेज नाही.

3 सप्टेंबर
चारही आकडे जुळले. निष्कर्षात चार हात दिसतात, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.
अंतर्गत गुणांचा तक्ता आला. एका नावापुढे एक आकडा, गटासाठी रकानाच नाही. उद्या विभागप्रमुखांना भेटायचं. बदलांचा इतिहास छापून न्यायचा.