एकोणिसावी पायरी

दिवाळी होऊन गेल्यावर एका शनिवारी नात आपली सगळी फौज घेऊन आमच्या रोडपालीच्या घरी आली. मला वाटलं पोरं भुकेली असतील, म्हणून पोहे भिजवायला उठले. तर म्हणते कशी, "आजी, पोहे नंतर. आधी तुझं अक्षर हवंय."

आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी कोणी आपलं अक्षर मागायला आलं की माणूस विरघळतोच. तेहेतीस वर्षं शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहिले, स्नेहसंमेलनाचे फलक रंगवले, त्याचं हे पेन्शन समजायचं!

नात मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. या पाच-सहा जणांनी मिळून अठरा मिनिटांचा भयपट काढलाय. नाव 'एकोणिसावी पायरी'. एक अर्धवट बांधलेली इमारत आहे. तिच्या जिन्याला दिवसा अठरा पायऱ्या असतात आणि रात्री एकोणीस. जी मुलगी ती एकोणिसावी पायरी चढते, ती परत येत नाही. शूटिंग इथे जवळच, एकाच्या काकांच्या साइटवर झालं. कळंबोलीचा लोखंड बाजार हाकेच्या अंतरावर, त्यामुळे रात्री दोन वाजतासुद्धा भुताच्या मागून ट्रकचा हॉर्न वाजतो. तो काढता काढता एकाच्या नाकी नऊ आले म्हणे.

सिनेमा तयार होता. आता तो दाखवायचा, म्हणजे लोकांना बोलवायचं, म्हणजे पोस्टर हवं. त्यांनी एक केलं होतं. सगळं काळं, त्यात अर्धा चेहरा, आणि खाली लाल अक्षरांतून रक्त ओघळतंय. मी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "एकोणिसावी पायुरी?"

पोरं हसली, पण दिग्दर्शक (हा एक गंभीर चेहऱ्याचा, दाढीवाला मुलगा) म्हणाला, "आजी, तो उकार नाही. ते रक्त आहे."

मग माझ्यातली बाई जागी झाली. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. म्हटलं, बाळांनो, इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं असतं. त्याच्या पायाशी काहीही सांडलं तरी ते वाचता येतं. आपलं अक्षर शिरोरेषेला लटकलेलं असतं आणि त्याच्या पायाशी उकार, ऋकार, पाय मोडल्याची खूण अशी बिऱ्हाडं राहतात. तिथे रक्ताचा ओघळ सोडला की आधी शुद्धलेखनाचा खून होतो! त्यापेक्षा जी गोष्ट फक्त आपल्याकडे आहे ती वापरा. शिरोरेषा सलग ओढू नका, तिचीच पायरी करा. एकेक अक्षर थोडं थोडं वर चढत जाईल आणि शेवटच्या 'री'च्या डोक्यावर रेषाच नसेल. कागदावर पेन्सिलीने काढून दाखवलं. दाढीवाला बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "हे भारी आहे." (आमच्या काळी 'छान' म्हणायचे. असो.)

पोहे खाताना गप्पा रंगल्या. मी त्यांना कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचं सांगितलं. त्यांचं १९२४ सालचं 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे आज उपलब्ध असलेलं सगळ्यांत जुनं भारतीय चित्रपटाचं पोस्टर मानतात. गृहस्थ मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे, मग सिनेमाही स्वतःच काढला आणि त्याची चित्रंही स्वतःच. म्हणजे तुमच्यासारखंच, सगळं घरचंच कार्य. पोरांनी रामसे बंधूंची पोस्टरं मोबाईलवर काढली. 'पुराना मंदिर' १९८४ सालचा. तेव्हा एसटीतून जाताना भिंतीवर ते हातांनी रंगवलेले हिरवे-जांभळे चेहरे दिसायचे आणि माझा मुलगा माझ्या पदरात तोंड खुपसायचा. ज्याने तोंड खुपसलं त्याचीच लेक आज भुताचं पोस्टर करून घ्यायला आली होती. 'तुंबाड'वर तर पोरांचा फारच जीव. २०१८ साली आला तेव्हा बेताचा चालला आणि २०२४ साली पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त चालला, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. त्यात त्यांची स्वतःची आशाही असणार.

इथवर सगळं मजेत होतं. मग नात म्हणाली, "आजी, खरी आयडिया तर पुढेच आहे."

ती अशी. १९९९ साली अमेरिकेत 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' नावाचा भयपट आला. फिल्मचं शिक्षण घेतलेल्या दोन तरुणांनी अगदी थोड्या पैशांत काढलेला. त्यांनी सिनेमातल्या नटांची खरीच नावं वापरली आणि ती तीन मुलं जंगलात खरोखर हरवली आहेत अशी पत्रकं वाटली, इंटरनेटवरही तसंच लिहिलं. लोकांनी खरं मानलं आणि सिनेमा तुफान चालला. तर आमच्या या मंडळींनाही नायिकेचा फोटो घालून 'हरवली आहे' अशी पत्रकं कळंबोलीच्या बसथांब्यांवर, खांदेश्वर स्टेशनबाहेर, रोडपालीच्या तळ्याकाठी लावायची होती. खाली फोन नंबर. तो लावला की नुसता श्वास ऐकू येणार आणि कोणीतरी पायऱ्या मोजणार. सोळा, सतरा, अठरा...

"आणि ती पत्रकं छापील नकोत," नात म्हणाली. "हातांनी लिहिलेली हवीत. म्हणजे खरी वाटतील. तुझ्या अक्षरात."

मी काहीच बोलले नाही. उठून बशा आत नेऊन ठेवल्या.

नातेवाईकांपैकी जे हे वाचतील त्यांना मी का उठले ते कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते. १९७४ सालच्या जूनमध्ये माझा धाकटा भाऊ पेणच्या घरातून निघून गेला. मॅट्रिकचा निकाल लागला होता, त्यात तो नापास होता. वडील जे बोलले ते त्या काळी सगळेच वडील बोलत. संध्याकाळी तो घरी आला नाही. मी तेव्हा तेवीस वर्षांची, बी.ए. होऊन नुकतीच शाळेत लागलेली. माझं अक्षर चांगलं, म्हणून नोटिसा लिहायचं काम माझ्याकडे आलं. चाळीस लिहिल्या. मथळा कटनिबने, खालचा मजकूर साध्या टाकाने. 'हरवला आहे. वय १७, रंग सावळा, डाव्या भुवईवर व्रण, अंगात पांढरा शर्ट.' वडील म्हणाले, शेवटी लिही, आई अत्यवस्थ आहे, ताबडतोब निघून ये. आई चांगली धडधाकट होती. ती चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "खोटं लिहू नकोस गं. तो घाबरेल." मी लिहिलं नाही.

लिहिलं असतं तर तो आला असता का, हा विचार मी गेली पन्नास वर्षं करत आले आहे.

कणकेची खळ करून त्या नोटिसा पेण, पनवेल, दादर, कल्याण अशा लावल्या. आठ-दहा दिवसांनी वडिलांबरोबर पनवेलच्या एसटी स्टँडवर गेले तेव्हा पावसाने मथळ्याची शाई पार खालपर्यंत ओघळली होती. नाव वाचताच येत नव्हतं. एकदा कल्याणहून कार्ड आलं, मुलगा सापडलाय म्हणून. वडील त्याच पावली गेले. तो दुसराच मुलगा निघाला. तोही कोणाचा तरी हरवलेलाच होता. आमचा भाऊ आला नाही. आई गेली १९९६ साली, तोवर पोस्टमनची सायकल वाजली की ती दारात यायची.

एवढं सगळं मी पोरांना नाही सांगितलं. थोडंसं सांगितलं. नातीला हे कोणी कधी बोललंच नव्हतं, आमच्याकडे तो विषय निघत नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली. दाढीवाल्याने मात्र धीर करून विचारलं, "पण आजी, ते खोटं आहे हे शेवटी कळेलच ना?"

"शेवटी म्हणजे कधी? फोन लावल्यावर?" मी म्हटलं. "आणि तोवर जी बाई घरी जाऊन आपली मुलगी क्लासहून आली की नाही बघेल, तिचं काय?"

"मग लोक येणार कसे?" तो म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. पोराने सुट्टीभर नोकरी करून त्यात पैसे घातलेत. त्या दिवशी ती सगळी थोडी रुसूनच गेली.

रात्री नातीचा फोन आला. तिने त्या अमेरिकन सिनेमाबद्दल आणखी वाचलं होतं. त्यातल्या नटीच्या आईला लोकांनी खरोखर सांत्वनाची पत्रं पाठवली होती म्हणे. "आजी, ती घरी जिवंत बसलेली असताना!" मग जरा थांबून, "आणि सार्वजनिक जागी विनापरवानगी काही चिकटवायला १९९५ च्या कायद्याने बंदीच आहे, ते मी ग्रुपवर टाकलंय." म्हणजे ग्रुपची समजूत कायद्याने पटली, माझ्या गोष्टीने नाही. चालायचंच.

पत्रकांच्या जागी जे ठरलं ते मात्र माझ्या डोक्यातून आलं, हे जरा मिरवून सांगते. कॉलेजात हॉलकडे जाणाऱ्या जिन्यावर, रीतसर परवानगी घेऊन, प्रत्येक पायरीच्या उभ्या बाजूला खडूने आकडा लिहायचा. १ ते १८. बाकी एक अक्षर नाही. आठवडाभर नुसते आकडे. मग शेवटच्या दोन दिवसांत वरच्या भिंतीवर पोस्टर. खडू पुसला की गेला, कोणाच्या आईला घोर नाही. अडचण एकच निघाली. त्या जिन्याला पायऱ्या निघाल्या बावीस! मग खालच्या चार तशाच कोऱ्या सोडल्या. पोरांना मराठी आकडे लिहिताना ३ आणि ६ मध्ये घोळ व्हायला लागला, तेव्हा मी व्हिडिओ कॉलवरून शिकवणी घेतली. पोस्टर मी घरी टेबलाशी बसून रंगवलं. काळ्या कार्डशीटवर पांढरा पोस्टर कलर, लाल कुठेच नाही. हात आता थरथरतो, त्यामुळे शिरोरेषा जराशी कापरी आली. दाढीवाला म्हणाला, ती तशीच राहू द्या.

खेळाला ऐंशी खुर्च्या होत्या, त्यातल्या वीसेक रिकाम्या राहिल्या. मध्येच आवाज गेला आणि परत आला. तरी सातव्या मिनिटाला मागून एक मुलगी खरोखर किंचाळली, तेव्हा आमच्या मंडळींचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

पोस्टरचं काम चालू असताना नातीने त्या नोटिशींपैकी एखादी उरली आहे का असं विचारलं होतं. एक आहे, ट्रंकेत साड्यांच्या खाली. तिला काढून दिली. तिने बराच वेळ वाचली, मग नाव मोठ्याने उच्चारून मला विचारलं, "यांना घरात काय म्हणायचे?" मी सांगितलं.

परवा ट्रंक उघडली तर नोटीस प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठेवलेली दिसली. खाली पत्ता आहे तो पेणच्या घराचा. ते आम्ही २०११ साली विकलं. विकताना समोरच्या वाण्याकडे इथला रोडपालीचा पत्ता लिहून ठेवला होता, कोणी विचारत आलं तर द्या म्हणून. ते दुकानही आता तिथे नाही.